वाटेत एखादं देऊळ लागेल

आई, आज मी परत त्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभी होते. न्यू उल्मच्या. तुला नाव आठवायचं नाही, तू त्याला 'जर्मन लोकांचं गाव' म्हणायचीस, आणि सिन्नरला परत गेल्यावर शेजारणींना 'मी जर्मनीपण पाहून आले' असं ठोकून द्यायचीस, हे दादानं मला फोनवर हसत हसत सांगितलं होतं. आज लेकीचे सासू-सासरे आले होते, टेक्सासहून, फ्रिस्कोचे. आमच्या ईडन प्रेरीत पाहुण्यांना दाखवायला मॉल आणि तळं यापलीकडे काय आहे? म्हणून लेकीनं गाडी काढली आणि सगळ्यांना तिकडे नेलं. मी डबे भरले. बाराच्या ठोक्याला मनोऱ्यातल्या घंटा वाजायला लागल्या, त्यातली दारं उघडून बाहुल्या बाहेर आल्या, विहीणबाई टाळ्या वाजवत मोबाइलवर फोटो काढायला लागल्या, आणि मी मात्र तिथून हलले. डिकीतलं सामान नीट लावायचंय असं सांगितलं. गाडीच्या आडोशाला उभी राहून घंटा थांबायची वाट बघितली. घरी आल्यापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून हे लिहायला बसले.

तू आलीस तो उन्हाळा आठवतो ना? दोन हजार तीनचा. तू जूनमध्ये आलीस, आणि पंधरा दिवस झाले नाहीत तोच यांचा प्रोजेक्ट संपला. कंपनीनं आधी यांना बेंचवर, म्हणजे बिनकामाचं, बसवलं आणि मग बेंचही काढून घेतला. काम नाही तर इथं राहायची परवानगीही नाही, हे तुला कळायला जरा वेळ लागला. "म्हणजे हाकलून देतील की काय?" असं तू मला स्वयंपाकघरात, नळ सोडून, हळू आवाजात विचारलंस, जावयांच्या कानावर जाऊ नये म्हणून. मी हो म्हटलं. तू नळ बंद केलास आणि पदराला हात पुसलेस. तिसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती. तू देव्हाऱ्यासमोर बसून नेम धरलास: जावयांना काम लागेपर्यंत, देवाची घंटा कानावर पडल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. मी म्हटलं, "अगं, इथं कुठलं आलंय देऊळ? तूच वाजव आपली देव्हाऱ्यातली." तर म्हणालीस, "आपली आपण वाजवलेली चालत नाही. घासही आपल्या हातात आणि घंटाही आपल्याच हातात, मग नेम कसला?" तेव्हा ठरलं असं, की सकाळची पूजा मी करायची, आरती झाली की घंटा मी वाजवायची, तू ती ऐकायचीस, आणि मग जेवायचंस. तोवर चहा चालेल, पाणी चालेल. तुझं जेवण माझ्या हातातल्या त्या एवढ्याशा घंटेवर टांगलेलं होतं, आई. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं. दहावी झालेली, घरात बसून पैशापैशाचा हिशोब लिहिणारी बाई मी, आमच्या संसारावर आलेल्या संकटात मला करता येण्यासारखं एवढंच काही होतं.

श्रावणात डॉक्टरकाकूंनी फिरायला जायचं काढलं. काकू स्वतः डॉक्टर, तेव्हाच निवृत्त झालेल्या, तीस वर्षं इथं काढलेल्या. आमच्या घरातलं वातावरण त्यांनी एकदा येऊन हुंगलं आणि जाताना दारात म्हणाल्या, "गुरुवारी तिघी तयार राहा. आज्जी, तुम्ही, तुमची लेक आणि तुमची नात. जावयांना घरी फोनपाशी बसू दे. माझ्या व्हॅनमध्ये कुणी रडायचं नाही." पेट्रोल त्यांचं, म्हणून मी लगेच कबूल झाले, डबा माझा. पहाटे उठून पुऱ्या तळल्या, बटाट्याची कोरडी भाजी केली. पूजेला बसेपर्यंत उशीर झाला होता. खाली पार्किंगमध्ये काकूंचा हॉर्न वाजला, तेव्हा मी आरती म्हणत होते. घाईघाईत घंटा वाजवली, निरांजन ओवाळलं, उठले. बाथरूममध्ये तुझा शॉवर चालू होता, तो मला ऐकू येत होता. तू ओल्या केसांची बाहेर आलीस आणि विचारलंस, "झाली का गं घंटा? मला ऐकू नाही आली." मी म्हटलं, "झाली. आरतीबरोबरच वाजवली." तू देव्हाऱ्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. माझा हात घंटेपासून वीतभर लांब होता, आई. पण मी म्हटलं, "आता पूजा झाली, आता नुसती तू जेवावीस म्हणून परत कशी वाजवू? ते बरं दिसत नाही." तू लगेच म्हणालीस, "नको नको. राहू दे. वाटेत एखादं देऊळ लागेलच की."

वाटेत एखादं देऊळ लागेल! हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा ऐकलंय मनात. सिन्नरहून नाशिकला जाताना दर फर्लांगाला म्हसोबा नाही तर मारुती भेटणारी तू. इथं दीड तासाच्या रस्त्यात दोन्ही बाजूंना मका, मका आणि मका. तू खिडकीशी बसून बघत होतीस. एक उंच पांढरं गोल काहीतरी दिसलं की सावरून बसायचीस, आणि काकू गाडी चालवता चालवता सांगायच्या, "ते धान्याचं कोठार आहे, आज्जी." पुढचं दिसलं, की "तेही कोठारच." लेक मागून खिदळली, "आजी, एव्हरीथिंग इज कॉर्न हिअर." तू म्हणालीस, "असू दे गं. अन्नपूर्णेचंच घर ते."

आपण पोचलो ते बाराच्या जरा आधी. त्या मनोऱ्याभोवती दहा-वीस माणसं माना वर करून उभी होती. मग घंटा वाजायला लागल्या. एक नव्हे, लहान-मोठ्या कितीतरी, एका चालीत. दारं उघडली, बाहुल्या फिरायला लागल्या, तुझी नात नाचायला लागली. मी तुझ्याकडे बघितलं. तू पदर डोक्यावरून घेतला होतास, हात जोडले होतेस, डोळे मिटले होतेस. भर रस्त्यात, टोप्या आणि चड्ड्या घातलेल्या त्या माणसांमध्ये. मग डोळे न उघडताच म्हणालीस, "वाजली गं बाई घंटा. म्हटलं नव्हतं, वाटेत लागेल म्हणून?"

आणि मी म्हटलं, "आई, हे देऊळ नाहीये. चर्चसुद्धा नाही. घड्याळ आहे नुसतं. आणि ती बाहुली बघ काय करतेय, दारूचं पिंप बांधतेय."

काकू माझ्याकडे वळल्या. "असेना का. वाजली ना? देवाला काय गं, पिंप दिसतं होय?"

"काकू, नेम म्हणजे नेम."

"अगं, त्यांच्या वयाचा तरी विचार कर!"

तू डोळे उघडलेस. त्या बाहुलीकडे नीट बघितलंस. हात खाली घेतलेस, पदरही खाली घेतलास. मग हसून काकूंना म्हणालीस, "खरंय तिचं. घड्याळच आहे. बघा मला किती भूक लागलीय, घड्याळाला देऊळ म्हणायला निघाले."

मी असं का केलं, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की वरच्याकडे फसवाफसवी चालत नाही. मला खरंच तसं वाटायचं. माझा देव अगदी माझ्यासारखाच होता, आई. चष्मा लावून, वही उघडून बसलेला. आपण एक सूट घेतली की तो तेवढी आपल्या नावावर मांडणार, आणि मग वजा करणार कशातून? तर यांच्या नोकरीतून. हे सगळं मी त्या मनोऱ्याखाली क्षणात मनाशी मांडून टाकलं. त्यात तुझं पोट कुठे धरलेलंच नव्हतं. तू नेम धरला होतास माझ्या संसारासाठी. तो तुझ्याकडून मोडला जाऊ नये, एवढीच मला काळजी. दुसऱ्या कुणाचा नेम असता, दुसऱ्या कुणासाठी, तर मीच म्हटलं असतं, "चालतंय हो, जेवा."

जवळच्या हिरवळीवर आपण डबे उघडले. तू नातीला पुरीत भाजी गुंडाळून दिलीस, काकूंना लोणचं वाढलंस, आणि बाटलीतलं पाणी घोट घोट प्यायलीस. तुझ्या वाट्याच्या पुऱ्या मी वेगळ्या डब्यात काढल्या.

मग टेकडीवरचा तो पुतळा. तांब्याचा, हिरवा पडलेला, तलवार उपसून आभाळात धरलेला. खाली खांब, वर घुमट, आणि आतून वर जायला गोल जिना. तू मान वर करून म्हणालीस, "हा खंडोबा दिसतोय." काकूंनी सांगितलं, की हा जर्मनांचा जुना सरदार, दोन हजार वर्षांपूर्वी यानं रोमन फौजेला हरवलं, इथं येऊन वसलेल्या लोकांना आपल्या गावची आठवण राहावी म्हणून हा उभा केला. तू विचार केलास आणि म्हणालीस, "मग घोडा कुठाय?" काकू इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "घोडा नसलेला खंडोबा," त्या म्हणाल्या, "बिचारा इमिग्रंट. विमानात घोडा घेऊ दिला नसणार." तूही हसलीस. नात काकूंबरोबर जिना चढून वर गेली आणि तिथून हात हलवायला लागली. तू बाकावर बसून तिला हात केलास. तेव्हा मी बघितलं, की तुझा दुसरा हात बाकाची कड घट्ट धरून होता. बोटं पांढरी झाली होती. मी विचारलं, "बरं वाटतंय ना?" तू म्हणालीस, "ऊन आहे जरा." मी तुझ्या डोक्यावर छत्री धरली. एवढं केलं.

त्यानंतर ते दुकान. बारा महिने नाताळच्या वस्तू विकणारं. भर ऑगस्टात आत झाडं, चांदण्या, लाकडी बाहुल्या, दालचिनीचा वास. तुझी नात सगळीकडे हात लावत हिंडत होती आणि मी तिच्या मागे 'हात लावू नकोस, फुटलं तर घ्यावं लागेल' करत. तिला एका टोपलीत पितळेची छोटी घंटा सापडली. ती घेऊन पळत आली ती तुझ्यासमोर उभी राहून किणकिण वाजवायला लागली. "आजी, आय रँग इट! नाऊ यू कॅन ईट! आता जेव!"

गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या बाई कौतुकानं बघत होत्या. त्यांना वाटलं, आजी-नातीचा काही खेळ चाललाय. तू त्या घंटेकडे अशी बघत होतीस, आई, की मी ते विसरूच शकत नाही. दुसऱ्याच्या हातची तर होती. मी म्हटलं, "ठेव ती खाली. दुकानातली आहे, देवापुढची नाही." पोरगी म्हणाली, "बट मम्मा, शी इज हंग्री!" मी तिच्या हातातून घंटा काढून घेतली आणि टोपलीत ठेवली. तेवढ्यात लांबून त्या मनोऱ्याची चाल पुन्हा ऐकू आली. तीन वाजले होते. या वेळी तू हात जोडले नाहीस. आवाज येत होता तिकडे बघितलंही नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस. आईनं मुलीकडे असं बघायचं नसतं गं, परवानगी मागितल्यासारखं. मी सांताक्लॉज बघत राहिले.

शेवटी त्या दारू गाळणाऱ्या जुन्या कारखान्याची बाग. तू आधी आत यायलाच तयार नव्हतीस, पण नातीनं सांगितलं की आत मोर आहेत. खरंच होते. विलायती फुलांच्या वाफ्यांमधून आपल्याकडचे मोर हिंडत होते. एकानं केकारव केला, आणि तुझा चेहरा असा उजळला की दिवसभरात तसा दिसला नव्हता. "अगं, हा इथं कसा?" तू म्हणालीस. "याला कुणी आणला?" नातीला घेऊन तू पार जाळीपर्यंत गेलीस आणि त्याच्याशी मराठीत बोलत राहिलीस. मी मागे झाडाखाली डब्यांची पिशवी घेऊन बसले होते.

परतीच्या वाटेवर तुझं पित्त खवळलं. "गाडी थांबवता का हो जरा," एवढंच म्हणालीस. मक्याच्या शेताच्या कडेला तू ओणवी झालीस, काकूंनी तुझं कपाळ धरलं. पोटात काही नव्हतंच, हिरवं पाणी पडलं नुसतं. नात गाडीत रडायला लागली. काकू तुला आत बसवून माझ्याकडे आल्या आणि दात आवळून म्हणाल्या, "तू लेक आहेस की देवस्थानची ट्रस्टी?" मला राग आला. हेही लिहायलाच हवं. मला वाटलं, यांचं काय जातंय, यांच्याकडे सिटिझनशिप आहे.

घरी पोचलो तेव्हा अजून लख्ख ऊन होतं, इथला उन्हाळा तसाच. मी हातपाय धुतले, देव्हाऱ्यात दिवा लावला, आरती म्हटली आणि घंटा वाजवली. चांगली खणखणीत वाजवली. तू दारातच बसली होतीस, भिंतीला टेकून. डोळे मिटून ऐकलीस. दहीभात कालवून दिला तो तू सावकाश खाल्लास, आणि मला म्हणालीस, "पडला का तुझा जीव भांड्यात?" मग थोड्या वेळानं विचारलंस, "पुऱ्या उरल्यात का गं एखाद-दोन? सकाळी वास फार छान येत होता." मी म्हटलं, "चामट झाल्या होत्या. टाकून दिल्या." तू माझ्याकडे बघितलंस, आणि भाताची शितं गोळा करायला लागलीस.

नवरात्रात यांना काम लागलं. त्यानंतर जो भेटेल त्याला मी तुझ्या नेमाची गोष्ट सांगायचे. बारा वाजता घंटा कशी वाजली, आणि आम्ही कशा बधलो नाही. 'आम्ही' म्हणायचे. भिशीतल्या बायका ऐकून कानाला हात लावायच्या. तू शेजारी बसलेली असायचीस तेव्हा मान डोलवायचीस, आणि उलटीचा भाग मी गाळते हे कधी कुणाला सांगितलं नाहीस. डिसेंबरात तू परत गेलीस. त्यानंतर आपली भेट झाली नाही. पाच वर्षांनी तू गेलीस तेव्हा आमचे कागद सरकारात अडकलेले होते, इथून बाहेर पडले असते तर परत येता आलं नसतं, असं वकील म्हणाला. तेव्हाही मी हिशोबच केला. दहाव्याच्या दिवशी दादाला फोन लावला आणि विचारलं, "कावळा शिवला का?" तो म्हणाला, "पान ठेवलं नाही तोच शिवला. आईचं काही मागणंच नव्हतं गं." लोकांना यानं बरं वाटतं. मला नाही वाटलं. मला वाटत होतं, तू जरा तरी अडून बसशील. कुणीतरी म्हणेल, अमेरिकेतल्या मुलीचं काहीतरी राहिलंय, तिला कबूल करायला सांगा, आणि मी फोनवरून कबूल करीन. तू तेवढीही वाट बघायला लावली नाहीस.

आज परत येताना लेकीला विचारलं, तुला आठवतं का, आजीला घेऊन आपण इथं आलो होतो? ती गाडी चालवताना हसली. "ऑफ कोर्स. शी लव्हड द पीकॉक्स." मग म्हणाली, "मम्मा, सकाळी तू ती घंटा परत का नाही वाजवलीस?" म्हणजे तिलाही आठवतंय. विहीणबाई मागे झोपल्या होत्या म्हणून बरं. मी म्हटलं, "आता घर येईलच."

हे लिहून झालं की घडी घालून देव्हाऱ्याच्या खणात ठेवीन, उदबत्तीच्या पुड्यांखाली. पाठवायला तुझा पत्ता कुठला? पण एक राहिलं. कुठल्याही घरात, कितीही उरलं, तरी मी अन्न टाकत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या बागेत तू मोराशी बोलत होतीस, तुझी पाठ माझ्याकडे होती. संध्याकाळपर्यंत पुऱ्या चामट होतील, वाया जातील, असं मनात आलं, आणि मी तुझा डबा उघडला. सगळ्या खाल्ल्या, आई. भाजीसकट. चांगल्या झाल्या होत्या.